कोपरा फाटलेलं पत्र आणि उकंडरावजी

श्री. उकंडरावजी बोंडे यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत आणि अकोल्याची मित्रमंडळी त्यांचा गौरवग्रंथ काढत आहेत. त्यात उकंडरावजींच्या परभाषेच्या अभ्यासाबद्दल मी लिहावं, असं मंडळींनी कळवलं. मी निवृत्त पोस्टमास्तर. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं पोचवलं. स्वतः लिहिलं ते फक्त तक्रारींची उत्तरं. तरी नाही म्हटलं नाही. उकंडरावजींच्या आयुष्यातली एक गोष्ट माझ्यावाचून कुणाला लिहिताच येणार नाही, आणि ती न लिहिता मेलो तर माझ्या जिवाला स्वस्थता लाभणार नाही.

त्यांची माझी पहिली गाठ पडली ती कापसाच्या तेजीत. अमेरिकेत आपसात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, आणि वऱ्हाडातल्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचा भाव आला होता. अमरावतीला तेव्हा आम्ही उमरावती म्हणायचो. बैलांच्या शिंगांना चांदी मढवली जात होती, रस्त्यावर गाड्यांच्या रांगा हलत नव्हत्या, आणि मी वाईहून नुकताच टपालकचेरीत कारकून म्हणून आलो होतो. इंग्रजीची दोन पुस्तकं झाली होती. गर्व मात्र चार पुस्तकांचा होता.

एका सकाळी खिडकीशी दोन माणसं आली. एक ताडमाड उंच, लालबुंद गोरा, हाताला काळं तेल लागलेला. दुसरे काटक बांध्याचे, धोतर-बंडीतले, मिशीत कापसाचा तंतू अडकलेला. हे दुसरे म्हणजे उकंडरावजी, कापूस बाजारातले पारखी. कापसाचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ते ओढत आणि धागा किती लांब, किती चिवट, ते तिथल्या तिथे सांगत. त्यांनी एक पत्र माझ्यापुढे सरकवलं. "पंत, हे काय लिवलं हाये? वाचून सांगता का?"

अक्षरं इंग्रजीच होती, पण काहींच्या डोक्यावर बारीक पागोटी घातलेली. मला एक शब्द लागेना. रांगेतली माणसं बघत होती. मी पत्र परत सरकवलं आणि म्हणालो, "हे अशुद्ध इंग्रजी आहे."

उकंडरावजींनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "तुमाले येत नसंन तं तसं सांगा ना, पंत. इंग्रजीले काहून बदनाम करून राहिले?"

सगळी रांग हसली. मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी माझ्या बिऱ्हाडी वाळ्याची भिजवलेली ताटी आली, दाराला टांगायला. घाटावरची माणसं वऱ्हाडच्या उन्हात लोण्यासारखी वितळतात, असं त्यांनी ऐकलं होतं म्हणे. माफी नाही, चिठ्ठी नाही, नुसती ताटी. त्यानंतर आम्ही दोघं अमरावतीस होतो तोवर दर उन्हाळ्यात ती येत राहिली. उकंडरावजींचं बोलणं असं आणि करणं असं. दोन्हींचा मेळ घालायला मला वर्षभर लागलं.

तो गोरा म्हणजे लुका. कापसाच्या गठाणी दाबायचा लोखंडी प्रेस एका परदेशी पेढीनं अमरावतीत आणला होता, त्याच्यावरचा तो मिस्त्री. समुद्रातल्या कुठल्याशा बेटावरचा, जातीचा कोळी. जहाजावर यंत्रं हाताळायला शिकला आणि यंत्राबरोबर इथे येऊन पडला. त्याच्या बोलीला क्रोएशियन म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. लुकाला विचारलं तर तो म्हणायचा 'नाश्की', म्हणजे 'आमची'. उकंडरावजी म्हणायचे, "आमची तं सगळ्यांचीच असते बावा." लुकाला इंग्रजी धड येत नव्हतं. बाजारात राहून तो अस्सल वऱ्हाडी मात्र शिकला होता आणि इंग्रज साहेबाशीसुद्धा "मले" आणि "तुले" करून बोलायचा.

त्याची एक अडचण होती आणि ती सांगताना तो मान खाली घालायचा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. बेटावर त्याची म्हातारी आई एकटीच राहायची; तीही निरक्षर. ती गावच्या पाद्र्याकडून पत्र लिहवून घ्यायची. पत्र समुद्र ओलांडून, मुंबईहून डाकेच्या थैलीतून उमरावतीला पोचायचं, आणि इथे ते वाचणारा एकही माणूस नव्हता. अशी तीन पत्रं लुकानं अंगरख्याच्या आतल्या खिशात बाळगली होती. हात लावून लावून त्यांच्या घड्या विरायला आल्या होत्या.

उकंडरावजींनाही इंग्रजी येत नव्हतं. पण गठाणींवर पेढ्यांचे छाप असतात, ते पाहून पाहून त्यांनी सव्वीसच्या सव्वीस अक्षरं ओळखायला शिकली होती. त्यांच्या आईकडचे आजोबा रिद्धपूरचे, महानुभाव पंथातले. ते सांकेतिक लिपीतली पोथी घडाघडा वाचत. त्यामुळे अनोळखी अक्षर म्हणजे मोठं संकट, असं या घराण्यात कुणाला वाटतच नसावं. त्यांनी प्रेसच्या ओट्यावर लुकाला बसवलं, पहिलं पत्र उघडलं आणि एकेक अक्षर जोडून मोठ्यानं उच्चारायला सुरुवात केली. अर्थ त्यांना काडीचा कळत नव्हता. पण लुकाला कळत होता. 'द्रागी सिने', म्हणजे 'लाडक्या लेका', हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले मात्र, आणि तो दांडगा माणूस ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडायला लागला.

अक्षरं यांच्याकडे आणि अर्थ त्याच्याकडे, अशी ती विलक्षण भागी होती. डोक्यावर पागोटं असलेल्या अक्षरांचे उच्चार आधी चुकायचे. लुका हसून दुरुस्त करायचा. पुढे त्यानं आईनं दिलेलं प्रार्थनेचं पुस्तक आणलं. प्रार्थना त्याला तोंडपाठ, पुस्तक मात्र त्यानं कधी वाचलेलं नाही. उकंडरावजी एक ओळ चाचपडत वाचत आणि पुढच्या चार ओळी लुका डोळे मिटून म्हणत. यांनी त्या ओळी पुस्तकात बोटानं गाठायच्या. झालं काय, की उकंडरावजींची पहिली क्रोएशियन सगळी देवाशी बोलायची. लुकाकडे पाणी मागायचं तरी परमेश्वराची करुणा भाकल्यासारखं मागत, आणि लुका बिचारा छातीवर क्रूस काढून तांब्या पुढे करी.

शब्दांची एक वही त्यांनी केली होती. ती आजही आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी अवश्य मागून पाहावी. तिच्यात शब्द कापसासारखे प्रतवार लावलेले आहेत. पक्का ठाऊक तो 'लांब धागा', अंदाजानं लागलेला तो 'आखूड', आणि ज्याचा भरवसा नाही तो 'कवडी', म्हणजे डागी कापसासारखा वेगळा काढलेला. नवा शब्द आला की चार वेगळ्या ओळींत तो ओढून पाहायचा. तुटला नाही तर वरच्या प्रतीत घ्यायचा. "शब्द बी ओढून पाहा लागते, पंत," ते म्हणत. "नुसता दिसाले पांढरा असून चालत नाही." तेजीच्या त्या दिवसांत लोक कापसात पाणी मारत होते, सरकी मिसळत होते, आणि पारख्यांचे डोळे बांधायला टपलेले होते. उकंडरावजींनी डागी मालाला चांगला म्हटल्याचं मी एकदाही ऐकलं नाही. आणि न कळलेल्या शब्दाला कळला म्हटल्याचंही नाही. पहिल्याच भेटीत मी जे केलं होतं, ते त्यांच्या हातून कधी झालं नसतं.

आता ते पत्र.

त्या साली लुकाला हिवताप जडला. उकंडरावजींनी त्याला आपल्या घरी आणून पडवीतल्या बाजेवर निजवलं. सौ. सरूबाई त्याला पेज भरवत. ताप इतका चढे की त्याला बोलवत नसे. तेव्हा उकंडरावजींनी बाजारातली रीत काढली. कापसाचा सौदा दोघं तोंडानं करत नाहीत. हातावर रुमाल टाकतात आणि त्याखाली बोटं दाबून भाव सांगतात. तसा ते घोंगडीखाली हात घालून विचारत, आज कालच्यापेक्षा वर की खाली? आणि लुका बोट दाबून तापाचा भाव सांगे. वैद्यांनी बजावून ठेवलं होतं की मनाला धक्का बसेल असं काही याच्या कानावर घालू नका, काया अगदी तकलादू झाली आहे.

अशात त्याच्या आईचं पत्र आलं. तेव्हा पाकिटं क्वचितच असत. लिहिलेल्या कागदाचीच घडी करून लाखेनं बंद करायचे आणि बाहेरच्या कोपऱ्यावर तिकीट लावायचे. या पत्राच्या तिकिटावर दोन डोक्यांचा पक्षी उठवलेला होता, आमच्याकडच्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवर गंडभेरुंड असतो तसा. माझं बिऱ्हाड नुकतंच आलं होतं. पत्नीला ही गंमत दाखवावी, असं मनात आलं. तिकीट सुटेना. म्हणून मी नखानं घडी घातली, थुंकी लावली आणि तिकिटासकट कागदाचा कोपरा फाडून घेतला. टपाल खात्यातल्या माणसानं टपाल फाडलं. गेल्या महिन्यापर्यंत, तीस वर्षं, ही गोष्ट मी पत्नीखेरीज कुणाला सांगितली नव्हती. आज छापून सांगतो आहे.

फाडताना माझ्या डोक्यात नव्हतं ते वाचकांच्या डोक्यात आलंच असेल. ज्या पत्राचा कोपरा फाटलेला, ते मृत्यूच्या वार्तेचं पत्र. ते घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर उभ्यानं वाचायचं आणि वाचून फाडून टाकायचं. हे आपल्याकडे लेकराला कळतं. मी मात्र विसरलो, कारण परदेशी कागदाला आपली रीत लागू होईल असं वाटलंच नाही.

पत्र घेऊन गेलेले उकंडरावजी तासाभरात परत आले. चेहरा उतरलेला. "पंत," ते हळू आवाजात म्हणाले, "लुकाची माय गेली वाटते. कोपरा फाडेल हाये."

तेव्हा मी एक वाक्य बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण टपालात हात घातल्याबद्दल नोकरी गेली असती, कदाचित बेडीही पडली असती. मी म्हणालो, "असं काय. वाईट झालं." एवढंच म्हणालो.

पत्र नेहमीसारखं लुकासमोर वाचायची सोय राहिली नव्हती. वाचलं की अर्थ थेट त्याच्या कानात शिरणार, आणि वैद्यांनी तर बजावलेलं. म्हणजे उकंडरावजींना लुकाच्या मदतीवाचून ते स्वतः समजून घ्यावं लागणार होतं. सरूबाई पत्र उंबऱ्याच्या आत येऊ देईनात, म्हणून ते गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवलं. बाजार उरकला की उकंडरावजी वही घेऊन बैलांच्या शेजारी बसत. पलीकडे पडवीतून लुका क्षीण आवाजात विचारी, "चिठ्ठी आली का?" आणि ज्या माणसानं कापसाच्या पुंजक्याबद्दलही कधी खोटं सांगितलं नाही, तो म्हणे, "नाई आली."

मी रोज कसलं ना कसलं निमित्त काढून जात होतो. जेवायला बसवत तेव्हा वरणाला चव नसायची. तिसऱ्या दिवशी न राहवून मी विचारलं. सरूबाई पदर सावरत म्हणाल्या, "भाऊजी, त्याले इथं कोण हाये? त्याची माय गेली, तं सुतक कोणीतरी पाळाच लागते ना. मी फोडणी बंद केली." समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या एका कोळणीसाठी ते घर बिनफोडणीचं जेवत होतं, आणि ज्याच्यासाठी जेवत होतं त्याला पत्ता नव्हता. तरीही मी बोललो नाही. ज्यांना माझ्याविषयी आदर आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

पाचव्या दिवशी मीच घाबरलो. उकंडरावजी कचेरीत आले आणि म्हणाले, "अक्षर बदललं हाये, पंत. पाद्र्याचं अक्षर कसं मोत्यावानी. हे वाकडंतिकडं, दुसऱ्याच कोणाचं. आन तिसऱ्या ओळीत 'उम्रो' हाये." उम्रो म्हणजे मेला. मागच्या एका पत्रात त्यांच्या गाढवाच्या मरणाची हकिगत होती, त्यामुळे हा शब्द वहीत 'लांब धाग्या'त जाऊन बसला होता. मी गंमत म्हणून फाडलेला कोपरा खरा ठरतो की काय, असं वाटायला लागलं.

त्या दिवशी त्यांनी पुढे वाचलं नाही. सहाव्या दिवशी पुन्हा बसले. 'उम्रो'च्या पुढचे शब्द त्यांनी चारही पत्रं शेजारी शेजारी पसरून, एकेक ओढून पाहिले. 'नाश' म्हणजे आमचा. तो लुकाच्या 'नाश्की'तून कळला. त्याच्यापुढे 'दोन माते'. हे नाव जुन्या प्रत्येक पत्राच्या तळाशी होतं. लुकानं सांगितलं होतं की ते लिहून देणाऱ्या पाद्र्याचं नाव; तिकडे पाद्र्याच्या नावाआधी 'दोन' लावतात. उकंडरावजींनी ही जोडणी आठव्या दिवसापर्यंत कुणाला सांगितली नाही. मध्ये दोन 'कवडी' शब्द होते आणि त्यांचा भरवसा नव्हता म्हणे. आठव्या दिवशी पाचवी ओळ लागली: 'पिशेम सामा', मी एकटीच लिहिते आहे.

मी गोठ्याच्या दाराशीच उभा होतो. त्यांनी कागद खाली ठेवला, उठले, आणि अंगणातून स्वयंपाकघराकडे पाहून म्हणाले, "अवं, फोडणी दे."

सरूबाईंना दुसरं काही सांगावं लागलं नाही. त्यांनी आत नाक ओढल्याचं मला ऐकू आलं, आणि मग तेलात मोहरी तडतडली. आठ दिवसांनी त्या घरात मिरचीचा ठसका उठला. बाजेवरचा लुका शिंकला आणि म्हणाला, "आज काय हाये?"

मेले होते ते पाद्री. पत्र लिहून देणारं कुणी उरलं नाही, म्हणून म्हातारीनं काय करावं? तोंडपाठ प्रार्थना आणि पुस्तकातली अक्षरं यांची सांगड घालत ती स्वतःच लिहायला शिकली होती. उकंडरावजी जे प्रेसच्या ओट्यावर करत होते, तेच ती तिकडे आपल्या चुलीपाशी करत होती. दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती. लेकाला तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं ते पहिलं पत्र होतं, आणि आम्ही ते गोठ्यात ठेवलं होतं.

मग ते घरात आलं. उकंडरावजींनी बाजेशी बसून वाचलं. लुका पाद्र्यासाठी रडला आणि आईसाठी हसला, आणि दोन्ही एकदमच करत होता. त्यानं कागद हातात घेतला, त्या वाकड्यातिकड्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "माय शिकली. मले बी शिकव." बाजेवरच त्याचं शिक्षण सुरू झालं. समुद्रकाठच्या माणसाला त्याच्याच भाषेचं वाचन शिकवलं ते वऱ्हाडातल्या कापूसपारख्यानं. महिनाभरात लुका उठून बसला. मला वाटतं औषधापेक्षा त्या धड्यांनीच बसला.

एक गोष्ट मात्र राहून गेली. पत्राची शेवटची ओळ त्या फाटलेल्या कोपऱ्यात शिरली होती. 'आणि जो हे तुला वाचून दाखवतो, त्याला', एवढं लिहून पुढे काही नाही. म्हातारीनं उकंडरावजींसाठी काय लिहिलं होतं, यावर त्या घरात पुढे नेहमी थट्टा चाले. लुका म्हणे, "चुकीचं वाचलं तं दोन थापडा मार, असं लिवलं असंन." सरूबाई म्हणत, "लवकर घरी जाऊन बायकोले मदत कर म्हणाव, असं असंन." उकंडरावजी मिशीत हसत. मीही हसे. माझ्या पेटीत तळाशी तो तुकडा होता. त्याच्या पाठीमागे शाईचे सहा-सात शब्द आहेत, हे मी फाडल्या दिवशीच पाहिलं होतं.

अमेरिकेतली लढाई संपली आणि कापूस जसा चढला होता तसाच आपटला. पेढीनं प्रेस विकला. आगगाडी तेव्हा अकोल्यापर्यंत आलेली; लुकाला सोडायला आम्ही बैलांच्या दमणीतून अकोल्याला गेलो. फलाटावर त्या दोघांनी एकमेकांच्या हातावर रुमाल टाकला आणि बराच वेळ बोटांनी बोलत उभे राहिले. काय ठरलं ते मी विचारलं नाही. उकंडरावजींनी आजवर कुणाला सांगितलेलंही नाही.

त्यानंतर उकंडरावजी अकोल्याच्या बाजारात गेले ते तिथेच राहिले. दर वर्षी बेटावरून एक पत्र येई, आधी आईचं, शेजारी लुकाच्या चार ओळी. माझी बदली अकोल्यास झाली होती तेव्हाची गोष्ट. थैलीतून लुकाच्या अक्षरातलं पत्र निघालं आणि मी ते उलटसुलट करून पाहिलं. तिकीट जागेवर होतं. दुसरा एक कोपरा फाटलेला होता, मुद्दाम, सरळ हातानं. तिकडे अशी रीत नाही. ती लुका आमच्याकडून घेऊन गेला होता. ते पत्र मी स्वतः नेऊन दिलं. उकंडरावजींनी ते उंबऱ्याबाहेर उभ्यानं वाचलं, आत वळून सरूबाईंकडे पाहिलं, आणि त्या घरात पुन्हा दहा दिवस फोडणी पडली नाही.

या भाषेचा वऱ्हाडात उपयोग काय, असं त्यांना अनेकांनी विचारलं. मी स्वतःही विचारलं आहे. उत्तर त्यांनी करून दाखवलं. अकोल्याच्या बाजारात गाडीवाल्यांसाठी आणि हमालांसाठी त्यांचा जो वाचनाचा वर्ग वीस वर्षं चालला आहे, त्याची रीत प्रेसच्या ओट्यावरचीच आहे. आधी तोंडपाठ आरती, मग तीच छापलेली. जे आपलं आहे ते अक्षरात ओळखायचं, आणि मग अनोळखी घ्यायचं. आज या ग्रंथाची वर्गणी देणाऱ्यांत निम्मे लोक त्या वर्गात सही शिकलेले आहेत, आणि हा लेख ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचतील, म्हणून मला लिहिताना जरा धाकही वाटतो आहे.

गेल्या महिन्यात मंडळींचं पत्र आलं तेव्हा मी पेटी उघडली, तो तुकडा काढला आणि अकोल्याची गाडी धरली. उकंडरावजी ओसरीवर बसले होते; मिशी आता सगळीच कापसाची झाली आहे. मी काही प्रस्तावना केली नाही. तुकडा त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणालो, "कोपरा मी फाडला होता. पक्ष्यासाठी."

त्यांनी पक्ष्याकडे पाहिलंच नाही. तुकडा उलटा केला, उन्हाकडे धरला, डोळे बारीक केले. ओठ हलत होते. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला. सरूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"रागावलात?" मी विचारलं.

"कायचा राग, पंत?" ते म्हणाले. "कोपरा साबूत असता तं मी थे पत्र लुकासमोर पोपटावानी वाचलं असतं. अर्थ त्यानं लावला असता. मी कायले शिकलो असतो?" मग थोडं थांबून, मान दुसरीकडे वळवून म्हणाले, "पण आठ दिवस इनं फोडणी नाई देल्ली ना, थे तुमी तवाच सांगाले पायजे होतं."

ते बरोबरच होतं. मी त्यांच्या आणि सरूबाईंच्या पाया पडलो. वयानं मी चार वर्षांनी लहान असल्यामुळे त्यात काही गैर नाही. नसतो तरी पडलो असतो.

गौरवलेखाच्या शेवटी सत्कारमूर्तींना शुभेच्छा द्याव्यात, असा शिरस्ता आहे. मला माझ्या शब्दांत देण्याचा अधिकार वाटत नाही, आणि गरजही नाही. माझ्याकडे दुसऱ्याच्या शुभेच्छा तीस वर्षं अडकून पडलेल्या आहेत. एका बेटावरच्या म्हातारीनं, वाकड्या अक्षरांत, जो आपल्या लेकाला पत्र वाचून दाखवतो त्या अनोळखी माणसासाठी लिहिलेल्या. मूळ तुकडा उकंडरावजींच्या वहीत 'लांब धाग्या'च्या पहिल्या पानावर चिकटवला आहे. 'बोग मु दाओ झ्द्राव्ल्ये इ दुग झिवोत.' टपाल उशिरा पोचतं आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

'आणि जो हे तुला वाचून दाखवतो, त्याला देव आरोग्य देवो आणि मोठं आयुष्य देवो.'